जयंतीच्या दिवशी ठरलेली बैठक

आमच्या घरात त्यांचं नाव घेतलं जात नसे. "त्यांचे ते" एवढंच म्हणत. देशाची घटना लिहिणाऱ्या समितीचे प्रमुख, स्वतंत्र देशाचे पहिले कायदेमंत्री, हे सगळं मी शाळेच्या पुस्तकातून पाठ केलं होतं, पेपरात लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही घेतले होते. पण घरी आलो की ते "त्यांचे ते" होत. म्हणजे आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या लोकांचे. इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, म्हणून त्यांचंही लिहीत नाही. पण बाबा नाव घेत नसत त्याचं कारण वेगळं होतं.

या माणसाला मोठं का मानावं हे सांगण्याचा अधिकार मला फारसा नाही. त्यांना मानणाऱ्यांमध्ये मी कधी नव्हतो. त्यांचा राग करणाऱ्यांमध्ये मात्र बरीच वर्षं होतो, आणि तो राग नुसता घरून आलेला नव्हता, मी त्यात माझी भर घातली होती. तरी माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ती माझ्या ताईची आहे.

आम्ही भिलाईत सेक्टर दहामध्ये राहत होतो. चार क्वार्टरचा ब्लॉक, दोन वर, दोन खाली. बाबा कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क होते. कारखाना उभा राहत होता तेव्हा विदर्भातून जी माणसं इकडे आली त्यांतले ते. खालच्या क्वार्टरमधले काका कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते, तेही विदर्भातूनच आलेले, आमच्याच जिल्ह्यातले. दोन्ही घरांत "मले-तुले" चालायचं. दोन्ही घरांत रविवारी झुणका-भाकर व्हायची आणि हिरव्या मिरचीचा ठेचाही तसाच. आमचं मराठी मंडळ होतं, मंडळाचा गणपती होता. त्यांचं विहार होतं, जयंती होती. हिंदी बोलणाऱ्या लोकांच्या लेखी आम्ही दोघंही 'मराठी लोग' होतो, आणि बाबांना सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचाच.

"त्यायले अन् आमाले एकाच ओळीत कावून बसवतात हे लोक?" असं ते कितीदा म्हणायचे.

भांडण करायला कारण लागत नसे. आई वरची गॅलरी धुवायची तेव्हा पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. आई ते मुद्दाम करायची का? तेव्हा मी म्हटलं असतं, नाही. आज म्हणणार नाही. काकू खालून ओरडायच्या, आई वरून "दिसलं नाही बाई" म्हणायची आणि बादलीतलं उरलेलंही ओतून टाकायची. काकांच्या मुलाला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा बाबा रोज जेवायला बसले की आरक्षणावर बोलत. मी तेव्हा घरीच होतो, अर्ज करत होतो. ते बोलणं मला गोड लागे. माझ्या बेकारीचा दोष द्यायला कुणीतरी मिळालं होतं.

ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचं लग्न भिलाईजवळच्या कुम्हारी गावातल्या घरात झालं होतं. हायवेवर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आमच्याच जातीचे, खाऊन-पिऊन सुखी. लग्नाला तीन-एक वर्षं झाली असतील. एका थंडीतल्या सकाळी ती बसनं एकटीच आली. हातात कापडी पिशवी, पायात घरात घालायच्या चपला. तिनं स्वेटर काढलं नाही. आईनं काढायला लावलं तेव्हा कोपराच्या खाली तापलेल्या चिमट्याचा डाग दिसला. लांब, सरळ. चुकून भाजतं तसा तो नव्हता. मी दारातच उभा होतो. मला तो नीट दिसला.

"मी वापस नाही जाणार," ती म्हणाली.

आईनं खोबरेल तेल लावलं. "राहा चार दिवस," म्हणाली. "मग पाहू."

बाबा म्हणाले, "दिवस पाहून पाठवू."

मी काही म्हणालो नाही. मला नुकतीच कारखान्यात ट्रेनी म्हणून नोकरी लागली होती आणि वर्ध्याकडच्या एका मुलीशी माझं जमत आलं होतं. पसंती झाली होती, उन्हाळ्यात साखरपुडा करायचा होता. नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात बसली आहे हे त्यांना कळलं असतं तर ते मागे सरले असते. म्हणून ताईनं जावं असं मला वाटत होतं. डाग पाहिल्यावरही वाटत होतं. हे मी मऊ शब्दांत लिहू शकलो असतो, पण वाटत होतं ते एवढंच होतं.

चार दिवसांचे चार महिने झाले. घरात तिच्याशी कुणी भांडलं नाही, पण कुणी तिला जागाही दिली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं तिला नेलं नाही. "लोक विचारतील," म्हणाली. ताई मग दुपारी खाली जाऊ लागली. खालच्या काकूंकडे शिवणाचं मशीन होतं.

"तिथं काय करून राहिलीस तू?" आई विचारायची.

"ब्लाउज शिवून राहिली."

"कोणाचे?"

"जे देईन त्याचे."

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं आणि एकच विचारलं, "त्यायच्या घरी च्या पिली का?"

"पिली," ताई म्हणाली. "तुमच्या ऑफिसात त्यांच्यातला साहेब आहे, त्याच्यासमोर तुम्ही नाही पीत का?"

बाबांनी ताट तसंच ठेवून हात धुतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुम्हारीला निरोप पाठवला की बैठक करू.

आमच्यात बैठक म्हणजे काय ते सांगतो. मुलगी माहेरी येऊन बसली की दोन्हीकडची मोठी माणसं जमतात, मध्ये एखादा मान्यवर बसवतात. मुलाकडचे दोन शब्द ऐकून घेतात, मुलीकडचे चार. मग मुलीची आई ओटी भरते. तांदूळ, नारळ, सुपारी, खण पदरात घातला, कुंकू लावलं, की बोलणं संपलं. ओटी घेतलेल्या मुलीनं मागे वळायचं नसतं. ती त्याच दिवशी नवऱ्यामागे निघते. मुलीला काय वाटतं हे विचारण्याची त्यात कुठे सोयच नाही. ती पदर पुढे करते, तोच तिचा होकार.

दिवस ठरवण्याचं काम बाबांचं होतं. ऑफिस, दुकान, मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांना जमेल असा दिवस हवा होता. त्या वर्षी सरकारनं "त्यांच्या त्यांची" जयंती देशभर सुट्टीची केली होती. बाबांनी या सुट्टीवर ऑफिसात भरपूर तोंडसुख घेतलं होतं. मग कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "सुट्टी आहेच तर आपल्या कामाले लावू." मी मान हलवली. आईनं मान हलवली. ज्या माणसाच्या नावानं ती सुट्टी होती त्याला मानणारं घर आमच्या पायाखाली राहत होतं, आणि त्या दिवशी खाली काय असेल, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. दुसऱ्या कुणी अशी चूक केली नसती. त्या दिवसाकडे पाहायचंच नाही अशी सवय असलेल्या माणसांनाच ती जमते.

सकाळीच आमच्या ब्लॉकसमोरच्या मैदानात मांडव पडला होता. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, सतरंज्या. समोरच्या खांबावर भोंगा बांधला होता, त्याचं तोंड सरळ आमच्या गॅलरीकडे. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण निरोप गेले होते.

दुपारी कुम्हारीचे आले. ताईचे सासरे, नवरा आणि नवऱ्याचे मामा. रिक्षा मांडवामुळे पुढे येईना, म्हणून त्यांना लांबच उतरून झेंड्यांखालून वाकून चालत यावं लागलं. कुणीतरी हौसेनं मामांच्या छातीला निळी फीत लावून दिली. ती त्यांनी जिन्यात काढून खिशात कोंबली.

सासरे बसले, पाणी घेतलं आणि बाबांना म्हणाले, "काय व्याहीबुवा, आमाले बैठकीले बोलावलं का जयंतीले?"

"मुहूर्त चांगला काढला," मामा म्हणाले. "बँडबाजाही आहे."

मंडळाचे अध्यक्ष मध्ये बसले होते. त्यांनी हसू दाबलं. बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी खाली गेलो.

काका स्टेजच्या बाजूला वायर धरून उभे होते. मी म्हणालो, "काका, आवाज थोडा कमी करा. घरी पाहुणे आले आहेत."

"आमच्याकडेही आले आहेत," ते म्हणाले. "दिसून नाही राहिले का?"

"महत्त्वाचं बोलणं चालू आहे."

"असन. वर्षभर तुझ्या मायचं पाणी आमच्या डोक्यावर पडते. आज एक दिवस आमचा आवाज पडू दे तुमच्या डोक्यावर." बाजूची पोरं हसली. एक हिंदीत म्हणाला, "भैया, आप भी बैठ जाओ, शरबत मिलेगा." मी कानापर्यंत तापलो. त्या माणसांचा, त्या झेंड्यांचा, स्टेजवरच्या हार घातलेल्या त्या चष्मेवाल्या फोटोचा मला त्या क्षणी जितका द्वेष वाटला तितका त्याआधी कधी वाटला नव्हता. वर आलो आणि खोटं बोललो की सांगितलं आहे, करतील.

बैठक चालू होती. ताई आतल्या खोलीत होती, दार अर्धं उघडं. नवरा जमिनीकडे पाहत बसला होता, त्याच्या वतीनं सगळं मामाच बोलत होते.

"स्वयंपाकघरात भाजतेच. बाया काम करतात तर हात लागते कुठं न कुठं. त्याचं एवढं?"

"आमची काही तक्रार नाही," बाबा म्हणाले.

"पोरीनं थोडं नमतं घ्यावं," अध्यक्ष म्हणाले. "जावईबापूंनीही राग आवरावा. दोन्हीकडून झालं म्हणजे झालं."

दोन्हीकडून. अध्यक्षांनी डाग पाहिला नव्हता, त्यांना माफ करता येतं. बाबांना माहीत होता. मला माहीत होता. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि घड्याळाकडे पाहत होतो, की पाचची बस मिळेल ना यांना.

आई ओटीचं ताट घेऊन आली. तेवढ्यात भोंग्यातून खालच्या काकूंचा आवाज आला. त्या भाषण करतील असं मला वाटलं नव्हतं. कपडे वाळत घालणारी, आमच्या गॅलरीकडे पाहून शिव्या देणारी बाई, एवढीच मी त्यांना ओळखत होतो. त्या माइकवरही तशाच बोलत होत्या, जिन्यात बोलल्यासारख्या.

"आमच्या बापानं आमच्यासाठी काय केलं ते तुमाले सगळ्यायले पाठ आहे," त्या म्हणाल्या. "मी ते नाही सांगत. मी दुसऱ्यायचं सांगते. जे त्यायचं नावही घेत नाहीत त्यायच्या बायकायसाठी काय केलं, ते सांगते."

खाली हशा झाला. मला वाटलं, सगळे वर आमच्याकडेच पाहत असतील.

"ते कायदामंत्री होते. त्यायनं एक बिल आणलं. काय होतं त्यात? नवरा मारते, जाळते, तर बाईले त्याले सोडता यावं. बापाच्या घरात पोरीचा हिस्सा असावा. एक बायको असताना दुसरी आणू नये. तर मोठमोठ्या लोकायले लागल्या मिरच्या. आमचा धर्म बुडते म्हणे. बिल काही पास होऊ नाही दिलं. मग त्यायनं काय केलं? मंत्र्याची खुर्ची सोडली. आता मले सांगा, ती खुर्ची त्यायनं कोणासाठी सोडली? आमच्यासाठी? आमच्या आज्या-पणज्या तर आधीपासूनच काडीमोड घेत होत्या, दुसरा पाट लावत होत्या. नाही पटलं, निघाल्या. अडकून कोण होतं? ज्यायच्या घरच्या पोरी वाड्यात रडत बसत, त्या. खुर्ची सोडली ती त्यायच्यासाठी. अन् त्यायचे बाप अजून म्हणतात, हे कोण, तर त्यायचे ते."

"खिडकी लाव," बाबा मला म्हणाले.

मी खिडकी लावली. एप्रिलची दुपार होती. खिडकी लावताच खोलीत श्वास घेता येईना, आणि आवाज तरीही येतच होता. आईच्या हातातलं ताट तसंच होतं. तिनं आत हाक मारली, "ये बाई, पाटावर बस."

ताई बाहेर आली. मोहरीच्या रंगाची साडी, डोक्यावर पदर. ती पाटाजवळ आली, तिला वाट मिळावी म्हणून मामांना पाय आक्रसावे लागले. ती पाटाला वळसा घालून दाराशी गेली, चपला न घालता जिना उतरली. आम्हा सगळ्यांना वाटलं, रडायला आलं असेल, खालच्या नळावर तोंड धुऊन येईल. मग नवरा उठला, खिडकी उघडून पाहिलं आणि म्हणाला, "ते पाहा."

ती मांडवात बसली होती. शेवटच्या सतरंजीवर, पांढऱ्या साड्यांमध्ये तिची एकटीची मोहरी रंगाची पाठ.

बाबा खाली गेले. मी मागे गेलो. मांडवाच्या कडेला, जिथं सतरंजी सुरू होते, तिथं बाबा थांबले. आत त्यांच्या ऑफिसातली माणसं होती, ज्यांच्या फायली ते रोज अडवून धरत. ती आता वळून त्यांच्याकडे पाहत होती. एकानं हात जोडून नमस्कारही केला. बाबांना पाऊल टाकता येईना. ते मला म्हणाले, "जा, आण तिले."

मी आत गेलो. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत तिच्यापर्यंत पोचलो आणि वाकून म्हणालो, "चल."

"भाषण संपू दे."

"ताई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. लोकायनं माझा हात नाही पाहिला. तू पाहिला." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "तू सांग. तुले वाटते का मी जावं?"

तिचा दंड धरून उठवावं असं मनात आलं होतं, हे मी लपवत नाही. मी धरला नाही त्याचं कारण दया नव्हतं. एवढ्या लोकांत धरला तर काय होईल याची भीती होती. मी नुसता वाकलेला राहिलो. तेव्हा मागून एक म्हातारी माझ्या पाठीला बोट टोचून म्हणाली, "ए बाबू, बसायचं तर बस, नाही तर बाजूले हो. मले फोटो दिसून नाही राहिला."

मी बसलो.

पुढे कितीतरी लोकांनी, माझ्या बायकोनंही, असंच गृहीत धरलं की त्या दिवशी मी बहिणीच्या बाजूनं बसलो. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. खरं असं आहे की मी एका म्हातारीच्या बोटानं बसलो. पण वर गॅलरीत कुम्हारीचे उभे होते, आणि त्यांना जे दिसलं ते एवढंच की भाऊ आणि बहीण दोघंही "त्यांच्यात" मांडी घालून बसले आहेत.

आम्ही वर गेलो तेव्हा ते जिन्यात होते. सासरे बाबांना म्हणाले, "आमाले वाटलं होतं पोरीचं डोकं फिरलं. तुमचं तर सगळं घरच तिकडं गेलं." मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, "शरबत भेटलं का?" ते झेंड्यांखालून वाकून गेले. आईनं ताट देवघरात नेऊन ठेवलं आणि तिथंच बसून राहिली.

खालच्या काकू संध्याकाळी जिन्यात ताईला भेटल्या. मला वाटलं, त्या तिला जवळ घेतील. तसं काही झालं नाही. "बसली तर बसली," त्या म्हणाल्या. "पण उद्या तुया घरचे म्हणतील का आमीच फितवलं. ते मी ऐकून नाही घेणार, सांगून ठेवते. कोर्टात जायचं असन तर दुर्गले वकील आहे, माया पोरगा घेऊन जाईन. अन् तुया मायले सांग, पाणी पाहून टाकत जा म्हणा."

ताई घटस्फोटासाठी कोर्टात गेली. आमच्या मंडळाच्या माहितीत कोर्टात गेलेली ती पहिली मुलगी. वर्ध्याच्या लोकांनी निरोप पाठवला की मुलीला अजून शिकायचं आहे. त्यानंतरचे महिने मी फार वाईट माणूस होतो. ताई ताट वाढायची, मी तिच्याशी न बोलता जेवायचो. जिन्यात काकू दिसल्या की मान फिरवायचो. आणि ज्या माणसानं हे बिल आणलं त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग होता. माझं लग्न मोडलं त्याचं मूळ त्याच्यापर्यंत जातं असा माझा हिशेब होता.

बाबांचा एक मुद्दा होता. "कायदा शेवटी पास कोणी केला? पंतप्रधानांनी केला, तुकडे-तुकडे करून. ह्यायनं तर राजीनामा दिला होता. मग श्रेय ह्यायले कावून?" हा मुद्दा मला इतका आवडला की तो पक्का करायला मी टाउनशिपच्या लायब्ररीत जाऊ लागलो. त्यांच्या विरोधात वापरता येईल असं काहीतरी हवं होतं मला. सेकंड शिफ्ट असली की सकाळी जाऊन वाचत बसायचो. बाबांचा मुद्दा खोटा नव्हता. कायदे नंतरच झाले, दुसऱ्यांच्या सहीनं झाले. पण त्या बिलाला विरोध करणाऱ्यांचं बोलणं वाचताना मला अडचण होऊ लागली. ते सगळं मी आधीच ऐकलं होतं. मुलीनं नमतं घ्यावं. घर मोडेल. बायका फितवल्या जातात. शब्दही जवळपास तेच. मी विरुद्ध पुरावा शोधायला गेलो होतो आणि मला तिथं आमची बैठक सापडत होती.

मला त्या माणसाबद्दल प्रेम वाटू लागलं असं नाही. उलट चीड वाढली. आपल्या लोकांसाठी झटणारे पुढारी मला समजत होते, कारण त्यात देणं-घेणं असतं, टाळ्या असतात. पण ज्या घरांनी त्यांना अंगणात उभं केलं नसतं, त्या घरांच्या मुलींसाठी बसून कलमं लिहायची, त्याच घरांच्या शिव्या खायच्या आणि ते जमलं नाही म्हणून हातातलं पद सोडून द्यायचं, हे मला कुठं ठेवावं कळेना. त्यांच्या लोकांनी त्यांना पूजलं यात मला नवल वाटत नाही. आमच्या मुलींसाठी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी खुर्ची सोडली नव्हती, आणि तरी आम्ही त्यांना "त्यांचे" म्हणून मोकळे झालो, याची लाज आहे. मोठेपणा मोजायचं माझ्याकडे दुसरं माप नाही.

केस लांबली. वकिलांनी सांगितलं की डाग पाहिलेला घरचा साक्षीदार लागेल. बाबांनी नाही म्हटलं. आई म्हणाली, मला कोर्टातलं काही समजत नाही. मग ताई माझ्या खोलीच्या दारात आली. बऱ्याच दिवसांनी आम्ही एकमेकांच्या समोर उभे होतो.

"तू येशील का?" तिनं विचारलं. "नाही आला तरी मी लढीनच. फक्त सांग."

मी गेलो. दुर्गच्या कोर्टात पंखा आवाज करत फिरत होता आणि कामकाज हिंदीत होतं. तिकडच्या वकिलानं मला आधी मांडवाबद्दल विचारलं. मी तिथं बसलो होतो का? बसलो होतो. शेजाऱ्यांनी आम्हाला भडकवलं का? नाही. मग तो पुढे झुकला आणि शांतपणे म्हणाला, "आपने जलने का निशान पहले ही दिन देखा था। फिर चार महीने चुप क्यों रहे?"

आमच्या वकिलानं मला याचं उत्तर पढवून ठेवलं होतं: घराची अब्रू, समजोत्याची आशा. ते तोंडापर्यंत आलं होतं. समोर ताई बाकावर बसली होती, मांडीवर दोन्ही हात ठेवून. मी म्हणालो, "मेरी शादी तय हो रही थी। मैं चाहता था कि ये वापस चली जाए।"

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. तिकडच्या वकिलाला वाटलं होतं मी गडबडेन. आता तो स्वतःच थांबला, आणि बसला. जो माणूस स्वतःबद्दल असं सांगतो तो डागाबद्दल खोटं बोलत असेल असं म्हणणं त्याला अवघड गेलं असावं. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. येताना बसमध्ये तिनं नेहरूनगरच्या चौकापर्यंत खिडकीकडे तोंड ठेवलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं. पण तोंडानं ऐकायचं होतं."

निकाल तिच्या बाजूनं लागला. बाबांनी तो ऐकला आणि वर्तमानपत्र उघडलं. रात्री जेवताना आई म्हणाली, आता घरीच राहा, कुणी काही म्हणणार नाही. ताई म्हणाली, "तुम्ही काही म्हणत नव्हते तेव्हाच तर मले पाठवून राहिले होते." दुर्गला स्टेशनच्या बाजूला तिनं एक खोली पाहून ठेवली होती. तिथल्या शिवणाच्या वर्गात तिला शिकवायचं काम मिळालं होतं. बाबा जागेवरून उठले नाहीत.

सामान माझ्या स्कूटरवर दोन फेऱ्यांत गेलं. खोली लहान होती, वर पत्रा, बाहेर सामाईक नळ. मी ट्रंक भिंतीला लावली. म्हणालो, काही लागलं तर सांग. म्हणालो, बाबांचा राग जाईल, मग मी येईन तुला न्यायला.

ती दारात उभी होती. कुलूप नवं होतं, ती किल्ली घालून ते लावून पाहत होती, उघडून पाहत होती.

"भेटायले ये," ती म्हणाली. "न्यायले नको येऊ. मले आता कोणी न्यायचं नाही."